कम्पायलरला कोणी कम्पाइल केलं?

इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत काही परीक्षकांचा एक आवडता खोडसाळ प्रश्न असतो. 'सी' भाषेत लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा रूपात आणून देतो तो कम्पायलर. बरं, हा कम्पायलर स्वतः कशात लिहिलेला असतो? 'सी'मध्येच, असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न तयार: मग त्याला कोणी कम्पाइल केलं?

'त्याच्या आधीच्या कम्पायलरनं,' असं म्हणून विद्यार्थी सुटतो. परीक्षकही सोडून देतात, बाहेर रांग उभी असते. पण त्या आधीच्याला कोणी केलं? आणि त्याच्याही आधीच्याला? असं मागं मागं जात राहिलं तर शेवटी हाताला काय लागतं? बहुतेक प्रणालींमध्ये याचं उत्तर 'कोणे एके काळी कोणीतरी बनवलेली, आज कोणालाही वाचता न येणारी एक मोठी फाइल' असं आहे. 'ग्नू गीक्स' नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रणालीनं मात्र एप्रिल २०२३मध्ये वेगळं उत्तर दिलं: ३५७ बाइट. एका पानावर सहज मावतील एवढे. तिथपर्यंत ही मंडळी कशी पोहोचली, ते या प्रकरणात पाहू.

१. वाचायचं एक, चालवायचं दुसरं

माणूस लिहितो त्या मजकुराला सोर्स म्हणतात. 'शिल्लक शंभरपेक्षा कमी असेल तर सूचना पाठव' अशा धर्तीचा, थोडी सवय झाली की वाचता येणारा. मशीनला हे कळत नाही. त्याला हवे असतात नुसते आकडे, एकामागून एक, ओळीनं हजारो-लाखो. त्या आकड्यांच्या फाइलला बायनरी म्हणतात. सोर्सची बायनरी करणं हे कम्पायलरचं काम. उलट्या दिशेचा प्रवास अवघड असतो. बायनरीवरून ढोबळ अंदाज बांधता येतो. पण लिहिणाऱ्यानं दिलेली नावं, टिपणं, त्याच्या मनातला हेतू हे सगळं वाटेत गळून गेलेलं असतं.

रिचर्ड स्टॉलमननी १९८३मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे वापरणाऱ्याला ते चालवण्याचं, अभ्यासण्याचं, बदलण्याचं आणि वाटण्याचं स्वातंत्र्य. अभ्यासायचं तर सोर्स हवाच, म्हणून सोर्स देणं ही या चळवळीची पहिली अट.

पण आपण घरी लिनक्स घालतो तेव्हा सोर्स घेऊन बसत नाही. हजारो प्रोग्राम तयार बायनरी म्हणून येतात. ते कोणीतरी, कुठल्यातरी मशीनवर, कुठल्यातरी कम्पायलरनं बनवलेले असतात. सोर्स सगळ्यांसमोर उघडा आहे, हे खरं. आपल्या मशीनवर चालतंय ते त्याच सोर्समधून आलंय, हे मात्र आपण मानून चालतो. ज्याला मन लावून तपासायचंच आहे तो म्हणेल, मी स्वतः कम्पाइल करतो. ठीक. पण कशानं? पुन्हा एक तयार कम्पायलर उतरवून घेऊन.

२. दही लावायला दही

या क्षेत्रातले लोक स्वतःच इथं दह्याचं उदाहरण देतात, आणि आपल्याला ते समजावून सांगायची गरज नाही. दही लावायचं तर कोमट दुधात चमचाभर विरजण घालायचं. विरजण कुठून आणलं? कालच्या दह्यातलं. कालचं? परवाच्या. कधी संपलं तर शेजारणीकडून वाटीभर. तिच्याकडचं तिच्या सासूबाईंच्या घरचं.

आता समजा विरजणच बिघडलेलं आहे, दह्याला तार सुटते. दूध बदलून पाहा, भांडं धुऊन पाहा, कृती शब्दन्‌शब्द पाळा, तार सुटणारच. कृतीच्या कागदावर त्या बिघाडाची खूण कुठंही नाही, कारण तो कागदातून आलेलाच नाही. तो एका दह्यातून दुसऱ्या दह्यात उतरत आलाय. कृती म्हणजे सोर्स आणि विरजण म्हणजे हाताशी असलेला कम्पायलर. कृती कितीही निर्दोष असली तरी विरजणाबद्दल ती काही सांगू शकत नाही.

३. थॉम्पसन यांची खोडी

हे भय निव्वळ कल्पनेतलं नाही, हे केन थॉम्पसन यांनी दाखवून दिलं. युनिक्सच्या कामाबद्दल त्यांना आणि डेनिस रिची यांना १९८३चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. त्या निमित्तानं थॉम्पसन यांनी दिलेलं व्याख्यान ऑगस्ट १९८४मध्ये छापून आलं. मोजक्या पानांचं आहे, आणि संगणकाच्या सुरक्षिततेवर बोलणारा माणूस आजही त्याचं नाव घेतल्याशिवाय राहत नाही.

त्यांनी आधी एक निरुपद्रवी उदाहरण घेतलं. 'सी'मध्ये काही न दिसणारी चिन्हं लिहिण्यासाठी उलटी तिरकी रेघ आणि एक अक्षर अशी जोडी वापरतात. त्यातल्या 'व्ही'च्या जोडीचा अर्थ आहे ११ हा आकडा. कम्पायलरला ही जोडी पहिल्यांदा शिकवताना त्याच्या सोर्समध्ये लिहावं लागतं, 'ही जोडी दिसली की ११ दे.' तो कम्पाइल केला की नव्या कम्पायलरला जोडीचा अर्थ कळू लागतो. मग सोर्समधला ११ खोडून तिथं चक्क 'ही जोडी दिसली की हीच जोडी दे' असं लिहिता येतं, कारण जोडीचा अर्थ आता कम्पाइल करणाऱ्यालाच ठाऊक आहे. पुन्हा कम्पाइल करा, सगळं सुरळीत चालतं. आता सोर्स कितीही वेळा वाचा, ११ कुठंही सापडणार नाही. तो फक्त बायनरीत आहे, आणि प्रत्येक नव्या पिढीला मागच्या पिढीकडून मिळत राहणार आहे.

आता ११च्या जागी काहीतरी वाईट ठेवून पाहा. थॉम्पसन यांनी कम्पायलरमध्ये दोन युक्त्या घातल्या. पहिली अशी: लॉगिनचा प्रोग्राम कम्पाइल होतोय हे ओळखायचं आणि त्यात गुपचूप एक जादा पासवर्ड घालायचा. एवढंच केलं असतं तर कम्पायलरचा सोर्स वाचणाऱ्याला ते दिसलं असतं. म्हणून दुसरी: कम्पायलर स्वतः कम्पाइल होतोय हे ओळखायचं आणि नव्या बायनरीत या दोन्ही युक्त्या पुन्हा घालायच्या. असा कम्पायलर एकदा बनवला की सोर्समधून दोन्ही युक्त्या काढून टाकायच्या. लॉगिनचा सोर्स स्वच्छ, कम्पायलरचा सोर्स स्वच्छ, आणि त्या स्वच्छ सोर्समधून बाहेर पडणारा प्रत्येक कम्पायलर मात्र पछाडलेला.

या खोडीचा मूळ कोड २०२३मध्ये रस कॉक्स यांनी टिपणांसह प्रसिद्ध केला. वाचताना तो किती छोटा आहे याचंच जास्त नवल वाटतं.

प्रयोगशाळेबाहेर असं घडतं का? २००९मध्ये 'इंडक' नावाचा व्हायरस सापडला. तो डेल्फीच्या, म्हणजे प्रोग्राम बनवण्याच्या एका साधनाच्या, एका सामायिक फाइलमध्ये घुसायचा आणि त्या मशीनवर पुढं बनवलेल्या प्रत्येक प्रोग्राममधून बाहेर पडायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी स्वतःचा सोर्स तपासला तर तो अगदी निर्मळ. इंडक पसरण्यापलीकडे फारसं काही करत नव्हता, हे नशीब.

४. दोन विरजणं लावून पाहणं

थॉम्पसन यांच्या खोडीवर डेव्हिड व्हीलर यांनी २००५मध्ये एक उपाय मांडला आणि २००९च्या पीएच.डी. प्रबंधात तो तपशिलानं सिद्ध केला. उपाय कागदावर सोपा आहे. समजा 'क' या कम्पायलरचा संशय आहे. त्याचा सोर्स आपल्याकडे आहे. आता अगदी वेगळ्या घराण्यातला 'ख' हा कम्पायलर घ्यायचा आणि 'क'चा सोर्स त्याच्याकडून कम्पाइल करून घ्यायचा. जे मिळेल त्याला 'क-एक' म्हणू. 'क-एक'ची बायनरी 'क'पेक्षा वेगळी दिसेल, कारण बनवणारा वेगळा. पण वागायला तो 'क'सारखाच हवा, कारण सोर्स एकच आहे. म्हणून 'क'चा सोर्स पुन्हा एकदा, या वेळी 'क-एक'कडून कम्पाइल करायचा. तो झाला 'क-दोन'. दुसऱ्या बाजूनं 'क'चा सोर्स खुद्द 'क'कडून कम्पाइल करायचा. हा निकाल आणि 'क-दोन' बाइटला बाइट जुळले तर 'क'मध्ये सोर्सबाहेरचं काही लपलेलं नाही. एका जरी बाइटचा फरक पडला तर कुठंतरी पाणी मुरतंय.

यासाठी एक अट पाळावी लागते. एकच सोर्स, एकच कम्पायलर, तर निकालही दर वेळी तंतोतंत एकच यायला हवा. हे वाटतं तितकं आपोआप घडत नाही. बनवल्याची तारीख-वेळ, फोल्डरचं नाव, फाइली कोणत्या क्रमानं वाचल्या, असल्या फुटकळ गोष्टी बायनरीत शिरतात. त्या हुडकून काढण्याचं किचकट काम डेबियन या लिनक्स प्रणालीच्या लोकांनी २०१३पासून नेटानं लावून धरलं आणि बाकीचेही त्यात आले.

तरी मनात एक शंका राहतेच. 'ख' तरी भरवशाचा कशावरून? तोही तयार बायनरी म्हणूनच आलेला असतो. दोन्ही विरजणं एकाच गवळ्याकडची निघाली तर? म्हणजे पुन्हा पहिल्याच प्रश्नाशी येऊन थांबलो: मुळातलं विरजण.

५. अडीचशे एमबीचं विरजण

ग्नू गीक्स ही प्रणाली लुडोविक कुर्तेस यांनी २०१२मध्ये जाहीर केली. तिच्यात प्रत्येक प्रोग्राम कशाकशापासून बनला याची नोंद काटेकोर ठेवली जाते. एखाद्या प्रोग्रामवर बोट ठेवायचं आणि तो कशानं बनवला, ते कशानं बनवलं, असं खाली उतरत जायचं. खाली उतरता येतं म्हटल्यावर लोक उतरले, आणि तळाशी त्यांना सुमारे २५० एमबीचा ऐवज सापडला: जीसीसी हा कम्पायलर, त्याची जोडसाधनं, 'सी'चं मूलभूत ग्रंथालय, फाइली हलवणारी छोटी साधनं. सगळं तयार बायनरीत. इतर लिनक्स प्रणालींमध्ये तर तळ कुठं आहे हेच नेमकं सांगता येत नव्हतं, त्या मानानं हे बरंच म्हणायचं. पण २५० एमबी आकडे कोण वाचणार?

हा ऐवज कमी करायचा म्हणजे काय करायचं, इथं एक गैरसमज होतो. बायनरी दाबून लहान करण्यात काहीच अर्थ नाही. तळाशी जे साधन आहे त्याची जागा त्याहून साध्या, कमी हुशार साधनानं घ्यायला हवी, आणि त्या साध्या साधनाला वरचं मोठं साधन सोर्समधून बनवता यायला हवं. घरात विरजणच नसेल तर काही जणी दुधात मिरचीची देठं घालून ठेवतात. पहिलं दही पातळसर लागतं, जेवायला वाढण्यासारखं नसतं. पण दुसरं लावायला ते पुरतं, तिसरं बऱ्यापैकी होतं. गीक्सला अशी देठं हवी होती.

ती मिळाली दोन ठिकाणी. यान्नेके न्यूवेनहाउझन यांनी २०१६च्या सुमारास 'ग्नू मेस' वर काम सुरू केलं. मेसमध्ये दोन भाग आहेत: 'स्कीम' भाषेतला प्रोग्राम थेट चालवणारा एक छोटा दुभाष्या, जो साध्या 'सी'च्या सुमारे ५,००० ओळींत मावतो, आणि स्कीममध्ये लिहिलेला एक 'सी' कम्पायलर. दुभाष्या कम्पायलरसारखी बायनरी बनवत नाही. समोरचा मजकूर वाचतो आणि तिथल्या तिथं सांगितलेलं करतो. अशी युक्ती जुनीच. एमआयटीत १९६२मध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्प भाषेचा कम्पायलर लिस्पमध्येच लिहिला आणि आधीपासून असलेल्या दुभाष्याकडून चालवून घेतला.

मेस आल्यावर २०१९मध्ये गीक्सच्या तळातून जीसीसी आणि त्याचा गोतावळा बाहेर पडला, ऐवज निम्म्यावर आला. पुढच्या वर्षी छोट्या साधनांच्या जागी स्कीममध्ये लिहिलेली साधनं आली आणि तो आणखी उतरून सुमारे ६० एमबीवर आला. पण मेसचा दुभाष्या अजून बायनरीच होता. त्याच्या ५,००० ओळी 'सी'तल्या, म्हणजे त्यांना कम्पायलर हवा. आणि मेसचा कम्पायलर चालवायला मेसचाच दुभाष्या हवा. इथपर्यंत येऊन गाडी पुन्हा त्याच गोल रस्त्यावर.

६. तीनशे सत्तावन्न बाइट

हा गोल जेरेमाया ओरायन्स यांच्या 'स्टेज-०' या प्रकल्पानं तोडला. त्यांनी सुरुवात उलट्या टोकापासून केली: ज्याची बायनरी डोळ्यांनी वाचता येईल असा सगळ्यात छोटा कामाचा प्रोग्राम कोणता?

त्या प्रोग्रामचं नाव 'हेक्स-०'. त्याचं काम सांगायला दोन वाक्यं पुरतात. मजकुरातली शून्य ते नऊ आणि ए ते एफ ही चिन्हं दोन-दोनच्या जोडीनं वाचायची आणि प्रत्येक जोडीचा एक बाइट लिहायचा. मधल्या मोकळ्या जागा सोडून द्यायच्या, आणि टिपणाची खूण दिसली की ओळीच्या शेवटापर्यंत डोळे मिटायचे.

जोडीचा बाइट कसा होतो? इथं मोजणी सोळाच्या पटीत चालते, ए म्हणजे दहा आणि एफ म्हणजे पंधरा. '४१' ही जोडी आली तर चार गुणिले सोळा अधिक एक, म्हणजे पासष्ट. रोमन मोठ्या 'ए' अक्षराचा क्रमांक पासष्टच. लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक बायनरीच्या सुरुवातीला '७एफ ४५ ४सी ४६' हे चार बाइट असतात. त्यातल्या शेवटच्या तिघांचा हिशेब याच पद्धतीनं केला तर ई, एल, एफ ही रोमन अक्षरं निघतात, म्हणजे या फाइल-प्रकाराचं नाव. हेक्स-०ची सुरुवातही इथूनच होते.

३५७ बाइट म्हणजे ७१४ चिन्हं. स्वतः हेक्स-०चा सोर्स हीच ७१४ चिन्हं आहेत, फक्त प्रत्येक ओळीपुढं 'इथं एक अक्षर वाच', 'संपलं असेल तर थांब' अशी माणसासाठी टिपणं आहेत. ही टिपणं गाळली की उरते ती बायनरी, थेट. मधे कोणी भाषांतरकार नाही. प्रोसेसरच्या आदेशांचं पुस्तक शेजारी ठेवून एखादा चिकाटीचा माणूस ओळ न ओळ ताडून पाहू शकतो. हवं तर ती ७१४ चिन्हं स्वतःच्या हातानं टाइप करू शकतो. आणि हेक्स-०ला त्याचा स्वतःचा सोर्स दिला की तेच ३५७ बाइट परत बाहेर येतात.

या आकड्याची फार जाहिरात झाली. मला स्वतःला त्यापेक्षा पुढची पायरी अधिक महत्त्वाची वाटते. नुसता हेक्स-० हातात घेऊन कोणी कम्पायलर लिहायला बसला तर तो वेडा होईल. का, ते पाहू.

७. पायरी-पायरीनं

'पुढचे पाच बाइट सोडून उडी मार' हा आदेश इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर 'ईबी ०५' असा लिहितात. आता लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं की मधे आणखी एक तीन बाइटांचा आदेश राहिला. तो घातला की ०५चं ०८ करावं लागतं. त्या जागेवरून जाणाऱ्या दुसऱ्या उड्याही शोधून शोधून बदलाव्या लागतात. शंभर उड्यांचा प्रोग्राम असेल तर एक आदेश वाढवायचा म्हणजे सगळा हिशेब पुन्हा.

हेक्स-०मध्ये हा हिशेब माणसानं करायचा. म्हणून हेक्स-०मध्ये फक्त एकच गोष्ट लिहायची: हेक्स-१. त्याला एक गोष्ट जास्त येते. जागेला एका अक्षराची खूण देता येते आणि 'त्या खुणेपर्यंत उडी' म्हटलं की बाइट तो मोजतो. हेक्स-१मध्ये लिहायचा हेक्स-२, त्यात खुणांना पूर्ण नावं देता येतात. हेक्स-२मध्ये लिहायचा 'एम-०', त्यात आदेशांनाही नावं देता येतात. 'ईबी' लक्षात ठेवायची गरज संपते. एम-०च्या भाषेत काही हजार ओळींचा एक कम्पायलर लिहिलेला आहे. त्याला 'सी' भाषेचा अगदी लहान तुकडा कळतो. त्या तुकड्यात लिहिलेला आहे 'एम२-प्लॅनेट' हा जरा मोठा 'सी' कम्पायलर. आणि एम२-प्लॅनेटला मेसच्या दुभाष्याचा सोर्स कम्पाइल करता येतो. गोल सुटला.

यातली प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा फक्त थोडीशीच हुशार आहे, आणि ते मुद्दाम आहे. उड्या मोठ्या घेतल्या असत्या तर पायऱ्या कमी झाल्या असत्या, पण प्रत्येक पायरीचा सोर्स लांब आणि किचकट झाला असता. इथं मोजायचं ते हे: वाचणाऱ्याला एका वेळी डोक्यात किती धरावं लागतं. त्या दृष्टीनं हेक्स-१ आणि हेक्स-२ हे हेक्स-०इतकेच महत्त्वाचे आहेत, जरी बातमीत नाव हेक्स-०चं येत असलं तरी.

मेसचा कम्पायलर कासवाच्या गतीनं चालतो आणि बनवतो तेही ढिलं असतं. त्याच्याकडून एकच मोठं काम करून घ्यायचं: फाब्रिस बेलार यांनी लिहिलेला 'टायनीसीसी' हा छोटा पण पक्का 'सी' कम्पायलर बनवून घ्यायचा. त्यासाठी टायनीसीसीच्या सोर्सला थोडी डागडुजी करावी लागली. तो तयार झाला की तोच आपला सोर्स पुन्हा कम्पाइल करतो आणि थोडा अधिक नीटस होतो.

वर उल्लेखलेली दोन विरजणांची कसोटीही इथं लावून झाली. डिसेंबर २०१९मध्ये मराकेशच्या एका मेळाव्यात डेबियन, निक्स आणि गीक्स अशा तीन प्रणालींवर, वेगवेगळ्या जीसीसींनी बनवलेल्या मेसपासून सुरुवात केली. तिन्हीकडे शेवटी मेसची जी बायनरी बाहेर आली ती बाइटला बाइट एकच होती.

८. जुन्या जीसीसीचा उपयोग

टायनीसीसीवरून आजचा जीसीसी बनवता येईल का? नाही. २०१३मध्ये आलेल्या ४.८ आवृत्तीपासून जीसीसी बनवायला 'सी++'चा कम्पायलर लागतो, आणि तो मुख्यतः जीसीसीच. नव्या भाषेत लिहिणं बनवणाऱ्यांना सोयीचं होतं, पण त्या दिवशी खालून वर येणारी वाट बंद झाली.

म्हणून जुन्या फाइली धुंडाळाव्या लागल्या. गीक्सनं २००१मधला जीसीसी २.९५.३ उचलला. तो साध्या 'सी'त आहे आणि टायनीसीसीला पेलतो. त्यावरून ४.६.४, त्यावरून ४.९, आणि मग आजचे. जी आवृत्ती कोणी एरवी फिरकूनही पाहिली नसती तिच्यावर आज गीक्सचे २२,०००हून अधिक प्रोग्राम उभे आहेत. जुन्या आवृत्त्यांचा सोर्स जपून ठेवण्याला मी याआधी भाबडेपणा म्हटलं असतं.

इतर भाषांची अवस्था वेगवेगळी आहे. रस्ट भाषेचा पहिला कम्पायलर 'ओकॅमल' या भाषेत होता, मग रस्टनं स्वतःलाच रस्टमध्ये लिहिलं. आता प्रत्येक आवृत्तीला तिच्या लगेच आधीची लागते. सुटका अशी झाली की एकानं 'सी++'मध्ये 'एमरस्टसी' नावाचा वेगळा कम्पायलर लिहिला. तो रस्टच्या सुरक्षिततेच्या तपासण्या वगळतो, कारण त्याला फक्त आधीच बरोबर असलेला एकच प्रोग्राम कम्पाइल करायचाय. तिथून पुढं एकेक आवृत्ती चढत यायचं. झिग भाषेनं उलटा रस्ता धरला. २०२२च्या अखेरीस तिनं आपला 'सी++'मधला जुना कम्पायलर काढून टाकला आणि सोर्सच्या साठ्यातच एक तयार, वाचता न येणारी 'वॅझम' फाइल सुरुवातीसाठी ठेवली. गाठोडं छोटं आहे, सोयीचं आहे, आणि तळापासून बांधू पाहणाऱ्यांना ते अर्थातच रुचलं नाही. मीही त्यांच्याच बाजूचा.

सोर्स म्हणून दिलेल्या गाठोड्यातही सगळा सोर्स असतो असं नाही. 'बायसन' हा व्याकरण हाताळणारा प्रोग्राम स्वतःचं व्याकरण बायसनच्याच भाषेत लिहितो, आणि गाठोड्यात त्यातून आधीच निघालेली फाइल घालून देतो. दिसायला मजकूर, पण माणसानं न लिहिलेला. असल्या फाइली कोणी वाचत नाही. मार्च २०२४मध्ये 'एक्सझेड' या फाइली दाबण्याच्या साधनात जे सापडलं ते याच फटीत बसलं होतं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या गाठोड्यात एक जादा बांधणी-फाइल होती, जी मूळ सोर्सच्या साठ्यात त्या रूपात नव्हतीच. तिनं चाचणीसाठीच्या बायनरी फाइलींतून चोरदरवाजा बाहेर काढायचा. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून ते उघडकीला आलं. 'लाइव्ह-बूटस्ट्रॅप' नावाचा एक भावंडप्रकल्प अशा आधीच निघालेल्या फाइली नेमानं खोडून पुन्हा सोर्समधून काढतो. त्यामुळे त्याची यादी लांबते आणि काम रेंगाळतं.

९. तळाखाली

३५७ बाइट हा सगळा हिशेब नाही, आणि गीक्सवाले तसा दावाही करत नाहीत. एकामागून एक पायऱ्या चालवण्यासाठी सुमारे २५ एमबीचा 'गाइल' हा स्कीमचा दुभाष्या अजून तयार बायनरीतच लागतो. तो कम्पाइल करत नाही, आदेश देतो, पण आहे तर खरा. आणि हे सगळं चालतं लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधल्या गाभ्यावर. तो गाभाही कुठल्यातरी जीसीसीनंच बनवलेला असतो.

लाइव्ह-बूटस्ट्रॅपनं इथंही हात घातलाय. हेक्स-०च्याच चिन्हांत लिहिलेला एक इवला कर्नल उघड्या मशीनवर सुरू करायचा, तेवढ्यावर टायनीसीसीपर्यंत यायचं, मग 'फिविक्स' नावाचा छोटा कर्नल बनवून त्याच्यावर उडी घ्यायची आणि तिथून लिनक्स. ही साखळी आज चालते. उघड्या मशीनवर अशी इवली सुरुवात करणं नवं नाही. केंब्रिजच्या एडसॅक संगणकात १९४९मध्ये डेव्हिड व्हीलर यांनी (वर आलेले ते नव्हेत) टेलिफोन एक्स्चेंजच्या फिरत्या स्विचांवर तारांनी जोडून ठेवलेले ३१ आदेश होते. यंत्र सुरू झालं की तेवढे आपोआप आत यायचे आणि बाकीचा प्रोग्राम कागदी पट्टीवरून वाचून घ्यायचे. त्या वेळी याशिवाय इलाज नव्हता.

कर्नलच्याही खाली मदरबोर्डवरचं फर्मवेअर असतं आणि प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोड. या दोन्हींचा सोर्स बहुतेक कंपन्या देत नाहीत. त्यामुळे तिथं हेक्स-०सारखं काही लिहून भागत नाही. आधी वाचायला काहीतरी मिळायला हवं.